किसनसिंगचा रिकामा ठोका

देवीलाल राठोडला राग आला की तो बोलत नाही. स्क्रू पिळायचा पेचकस हातात घेतो आणि फडक्याने पुसत बसतो. आर्णीत माहूर रोडवर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. टेप, रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, लग्नातले स्पीकरचे बॉक्स, असलं सगळं. आजूबाजूचे दुकानदार त्या पुसण्यावरूनच ओळखतात की आज देवीलालकडे गप्पा मारायला जायचं नाही. यंदा जानेवारीपासून होळीपर्यंत तो पेचकस इतका पुसला गेला की मुठीवरचा लाल रंग निघून गेला.

हा राग कशाचा होता ते कळायला पंधराएक वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा एका भंगारवाल्याने गाडीतून काढलेला जुना टेप दुरुस्तीला आणून दिला होता. आत एक कॅसेट अडकली होती. तिच्यावरचा छापील कागद गेलेला. कोणीतरी बॉलपेनने इंग्रजीत दोनच शब्द लिहिलेले, रूट्स रेगे. देवीलालने टेप खोलला, हेड स्पिरिटने पुसलं आणि चालतो का पाहायला तीच कॅसेट लावली. गाणं सुरू झालं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. टेप ठोका खात होता. बाकी सगळं जागेवर होतं. जाड बेस सावकाश, भरल्या पोटाच्या बैलासारखा चालला होता. गिटार मधूनच चिमटा काढत होती. पण चार ठोक्यांतला पहिला दर वेळी गायब.

त्याने पट्टा बदलला. मोटर बदलली. दोन कपॅसिटर नवे टाकले. पूर्ण दोन दिवस तो त्या टेपाच्या मागे लागला होता. शेवटी वैतागून त्याने एक हिंदी कॅसेट लावली, तर पहिला ठोका आपला जागच्या जागी, ठणठणीत. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. टेप पहिल्यापासून बरा होता. वाजवणाऱ्यांनीच ती जागा सोडली होती.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या रामीबाईने नवऱ्याला रिकाम्या दुकानात एकटंच हसताना पाहिलं.

"एकटे काहून हसून राह्यले?"

"अवं, आपला किसनसिंग काका सापडला," देवीलाल म्हणाला. "कॅसेटीत."

किसनसिंग आडे त्याच्याच तांड्यातला. आर्णीपासून चार किलोमीटरवर हा बंजारा तांडा आहे. होळीला लेंगी गायची तर डफ किसनसिंगचा आणि गळा त्याच्या बायकोचा, बिजलीबाईचा. लेंगी म्हणजे होळीत फेर धरून म्हणायची गाणी. किसनसिंग डफ वाजवताना पहिला ठोका गाळायचा. शेजारच्या तांड्यांतले लोक चिडवायचे, "किसनसिंग, हात आखडला का?" तो म्हणायचा, "तिथं तिचा श्वास हाये. मी काहून मारू त्यावर?" त्या रिकाम्या जागेत बिजलीबाई श्वास घ्यायची आणि पुढची ओळ अशी उचलायची की अंगावर काटा यायचा. किसनसिंग गेला त्याला आता बारा वर्षं झाली. डफ घरातल्या खुंटीवर टांगला आहे.

तर देवीलाल या संगीताला असा लागला. त्याला शिकवणारं कोणी नव्हतं. सगळं चुकतमाकत. पुष्पा, त्याची मुलगी, हैदराबादला दिलेली. तिच्याकडे गेला की रविवारी तो फुटपाथवरच्या जुन्या बाजारात रेकॉर्डींचे ढीग उपसत बसायचा. पहिल्या खेपेला त्याने नारळाची झाडं आणि समुद्र असलेलं एक झोकदार पाकीट उचललं. घरी येऊन लावलं तर हॉटेलात पाहुण्यांपुढे वाजवतात तसलं गुळगुळीत काहीतरी. तेव्हापासून तो पाकिटाकडे बघत नाही. रेकॉर्ड बाहेर काढतो, उन्हात तिरपी धरून ओरखडे बघतो, मधल्या गोल कागदावर कोणाची नावं आहेत ते बघतो. लहान रेकॉर्ड असेल तर आधी मागची बाजू ऐकतो. या रेगेवाल्यांची एक पद्धत आहे. पुढच्या बाजूला गाणं, मागच्या बाजूला तेच गाणं, पण आवाज काढून टाकलेला. नुसते ढोल आणि बेस, वर कोणालाही आपलं गाणं म्हणता यावं म्हणून मोकळं सोडलेलं.

एकदा अशी एक लहान रेकॉर्ड मिळाली तिचं मधलं भोक हे एवढं मोठं. प्लेअरच्या खिळ्यावर ती नाचायलाच लागली. देवीलालने फवारणीच्या औषधाच्या डब्याचं झाकण घेतलं, घासून घासून बेताचं केलं, मधोमध छिद्र पाडलं आणि भोकात बसवलं. रामीबाईने ते झाकण तीनदा धुवायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः धुतलं.

शब्द कळावेत म्हणून तो नागोराव गुरुजींकडे गेला. गुरुजी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

"रेगे?" गुरुजी म्हणाले. "कोकणातलं आडनाव आहे ना ते?"

"ऐका तर, गुरुजी."

गुरुजींनी कान लावून ऐकलं. "अरे, हे आपलं इंग्रजी नव्हे. यांनी ते मोडून आपल्या सोयीचं करून घेतलंय." मग बराच वेळ कॅसेट पुढेमागे करून त्यांनी वहीत लिहून दिलं. काळ्या माणसांना गुलाम म्हणून जहाजात भरून दूरच्या बेटावर नेलं. नावं बदलली. तुम्ही कोण ते आम्ही सांगू, असं म्हणाले. आता ही माणसं स्वतः सांगताहेत.

देवीलालने ते वाचलं आणि वही मिटली. त्याच्या आजाला दर आठवड्याला चौकीवर हजेरी द्यावी लागायची. आजाने कोणाचं काही चोरलं नव्हतं. बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेणारा माणूस तो. पण इंग्रजांच्या कायद्याच्या कागदात साऱ्या जातीचंच नाव गुन्हेगार म्हणून लिहिलेलं होतं. तो कागद कधीचा रद्द झाला. तरी आजही आर्णीत एखाद्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पहिलं बोट तांड्याकडे जातं. हे देवीलालला ठाऊक होतं. त्या गाण्यांतल्या लोकांनाही असंच काहीतरी ठाऊक असावं, एवढंच त्याला कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

पण लोकांना काय कळतं? दुकानात हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचं रेकॉर्डचं एखादं कव्हर दिसलं की आलेलं गिऱ्हाईक डोळा मारायचं. "काय देवीलालभाऊ, गांजाची गाणी का?" सुरुवातीला तो समजावून सांगायचा. नंतर नुसता पेचकस पुसायचा. चाळीस-पन्नास वर्षं माणसं आपलं दुःख आणि आपला देव गात आली, आणि इकडे आर्णीच्या चहाटपरीवर त्याची किंमत काय, तर गांजाचं एक पान. कोणी एवढं खालचं बोललं तर राग यायलाच पाहिजे.

आणखी एका गोष्टीचा त्याला राग यायचा. कितीतरी रेकॉर्डींवर कंपनीचं नाव ठळक असायचं आणि बेस कोणी वाजवला, ढोल कोणी वाजवला, ते कुठेच नसायचं. त्याने एक वही केली. जिथून मिळेल तिथून वाजवणाऱ्यांची नावं शोधून तो तिच्यात लिहायचा. नाव नसेल तिथे 'माहीत नाही' असं लिहून एक ओळ मोकळी सोडायचा; पुढेमागे सापडलं तर लिहिता यावं म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर, सोयाबीन निघून कापसाची वेचणी चालू होती तेव्हा, तो तांड्यातल्या घरी ओट्यावर ती भोकवाली रेकॉर्ड लावून बसला होता. मागची बाजू. समोरून बिजलीबाई वेचणीचं ओझं टाकून परतत होती. पंचाहत्तरीची बाई, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती थांबली. ओट्याच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"हा कोण रे वाजवते?" तिने विचारलं. "याचा हात माह्या माणसासारखा हाये."

"सातासमुद्रापलीकडचा कोणी आहे, काकी."

"त्यालेही बायको असंल गाणारी."

आणि ती बसली. डोळे मिटले. दोनतीन फेर नुसते ऐकले, आणि मग त्या मोकळ्या ठोक्यात श्वास घेऊन तिने लेंगी उचलली. बारा वर्षांत ती गायली नव्हती. घराघरांतून बाया बाहेर आल्या. देवीलालचा पुतण्या बादल तिथेच होता. त्याने फोन काढून सगळं टिपून घेतलं. देवीलालला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, असू दे घरात, म्हणून.

बादल हा डीजेवाला. त्याच्या मोठमोठ्या बॉक्सांची भिंत देवीलालनेच बांधून दिलेली. पोरगा वाईट नाही. पण त्याला कुठलीही रिकामी जागा सहन होत नाही.

जानेवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी बिजलीबाई दुपारी देवीलालच्या दुकानात आली. भाजीची पिशवी तिने गल्ल्यावर ठेवली आणि सरळ विचारलं,

"देवी, माह्या कपाळावर पान कोणी चिकटवलं?"

देवीलालला काही समजेना. तिने सांगितलं. बाजारात बांगडीवाल्यापाशी दोन पोरं फोन पाहून हसत होती. तिला पाहून एक म्हणाला, ए गांजावाली आजी, म्हण ना गाणं. आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

शेजारच्या मोबाइलवाल्याने तो व्हिडिओ काढून दाखवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'गांजा पार्टी डीजे मिक्स, तांडा स्पेशल'. खाली बिजलीबाई, डोळे मिटलेली, आणि कपाळावर टिकलीच्या जागी गांजाचं हिरवं पान नाचतंय. तोंडातून धूर सोडलेला, तोही चित्राचा. आणि आवाज? आवाज तिचाच, पण तिच्या प्रत्येक श्वासावर एक ढब्ब. पहिला ठोका. दर वेळी. न चुकता.

बिजलीबाईने शेवटपर्यंत पाहिलं. मग पिशवी उचलली.

"आता मी गात नाही," ती म्हणाली. "होळीलेही नाही. सांग सगळ्यायले."

देवीलाल तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. रेकॉर्ड त्याची. ओटा त्याचा. पुतण्या त्याचा. बारा वर्षांनी उघडलेला गळा त्याच्याच अंगणात परत मिटला होता.

दुसऱ्या दिवशी बादल बुलेटवरून उतरला तो हसतच.

"काका, पाह्यलं का? दोन लाख झाले!"

"कायचे दोन लाख?"

"पाहणारे! दादी फेमस झाली ना."

"दादीचं नाव कुठं हाये त्यात?"

"नाव… तांडा स्पेशल लिहिलं ना वर."

"तांडा गाते का बे? तांड्याले गळा हाये?"

बादलचं हसू जरा उतरलं. "काका, तुम्ही कायले तापून राह्यले? त्यात ठोकाच कमी होता. मी भरला. डीजेवर रिकामं चालत नाही, पोट्टे नाचायचे थांबतात."

देवीलालने पेचकस खाली ठेवला. त्याने पेचकस खाली ठेवला म्हणजे राग पुसण्यापलीकडे गेला.

"त्याच ठोक्यापायी मी दोन दिवस टेप खोलून बसलो होतो. तुले वाटलं तेच मलेही वाटलं होतं. पण मी टेप खोलला, बादल. तू बाईचा गळा खोलला."

"काका…"

"आन् ते पान?"

"रेगे म्हटलं की तेच असते ना. सगळे तसंच लावतात."

"सगळे लावतात! रेगे म्हणजे गांजा. तांडा म्हणजे दारू. माह्या आज्याले न भेटता, न पाहता त्यायनं लिहून टाकलं होतं हा कोण हाये ते. ते परके होते. तू घरचा आहेस, लेका. तुह्या आजीच्या वयाची बाई. तिच्या कपाळावर तू चिकटवलं."

बादलने तिथेच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो शंभर ठिकाणी गेलेला होता. कोणी उतरवून घेतला, कोणी आपलं नाव लावून परत चढवला. काढ म्हणून कोणाकोणाला सांगणार? हे बादललाही तेव्हाच कळलं असावं, कारण तो गाडीवर बसला पण बराच वेळ किक मारायचं विसरला.

दोघे बिजलीबाईच्या दारात गेले. बादलने पायाला हात लावला.

"दादी, माफ कर."

"माफी कायची मांगते?" बिजलीबाई तूर पाखडत होती; सूप थांबलं नाही. "तू माह्या माणसाच्या जागेवर पाय देऊन उभा राह्यला. पहिले ती जागा मोकळी कर."

"काढला तो व्हिडिओ."

"फोनातली जागा नाही म्हणत मी." तिने सुपाने खुंटीकडे दाखवलं. "तो वाजवता येते का तुले? त्याच्यासारखा?"

बादलने डफाकडे पाहिलं. "शिकतो."

"होळीले पाहू."

पोराला वाटलं, सोपं आहे. ज्याच्या हाताखालून रोज हजारो वॅट जातात त्याला एक ठोका गाळायला काय लागतं? होळीपर्यंत तो रोज दुपारी दुकानात येऊन गल्ल्यावर बोटं वाजवत बसला. रेकॉर्ड चालू आणि बादलचा हात दर वेळी, सवयीने, पहिल्या ठोक्यावर आदळायचा. देवीलाल मान वर न करता म्हणायचा, "पुन्हा."

"आता बरोबर होतं, काका!"

"तू मनात मारला. मले दिसला. पुन्हा."

"मनात मारलेलाही दिसते का?"

"खांदा हालला तुहा. पहिले बेस आईक. गाणं नको आइकू. मग नुसता ढोल आईक. मग जिथं काहीच नाही ना, ते आईक."

रामीबाई डबा घेऊन आली की म्हणायची, "मारून टाकता का पोराले?" देवीलाल म्हणायचा, "त्याच्यात जे मारायसारखं हाये तेवढंच." मध्येच एखादं गिऱ्हाईक ते ऐकून डोळा मारायचं, आणि गंमत म्हणजे आता बादलच त्याच्या अंगावर जायचा, "काय पाह्यते बे? माहीत नसंल तर गप बस."

होळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, तांड्यात फेर धरायला माणसं जमली. यंदा बॉक्सांची भिंत आणली नव्हती. बादल किसनसिंगचा डफ जाळावर शेकून घेऊन मधे उभा होता. चेहरा दहावीच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा. बिजलीबाई आपल्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेली. उठायचं लक्षण नव्हतं. गर्दीतून कोणीतरी, कोण ते बरं झालं कळलं नाही, म्हणालं, "लावा ना ते पानवालं." दोनचार जण हसले. देवीलालचा हात खिशात गेला, पण पेचकस दुकानात राहिला होता.

बादलने सुरुवात केली. आणि पहिल्याच फेरात त्याचा हात पहिल्या ठोक्यावर पडला. ढब्ब. बिजलीबाईने तोंड फिरवलं.

तो थांबला. सगळे बघत होते. त्याने डफ काखेतून खाली घेतला, हात पँटला पुसला, आणि परत सुरू केलं. या वेळी पहिला ठोका आला नाही. दुसऱ्या फेरालाही आला नाही. तिसऱ्या, चौथ्या… डफ चालत राहिला आणि दर फेरात एक छोटीशी शांतता ठेवून जाऊ लागला. देवीलाल त्याच्या खांद्याकडे बघत होता. खांदा हालत नव्हता.

दहाएक फेर असेच गेले. मग उंबऱ्यावरून श्वास घेतल्याचा आवाज आला. तो आवाज साऱ्या तांड्याला ओळखीचा होता. बिजलीबाई उठून फेरात आली ती गातच.

संपल्यावर ती बादलपाशी गेली. "काढ तुहा फोन." त्याला वाटलं, टिपून घ्यायला सांगते. "माह्यावर नको धरू. सोतावर धर. आता सांग, त्या पानवाल्यात कोण गात होतं ते."

बादलने आपल्यावर फोन धरून सांगितलं. गाणारी बिजलीबाई किसनसिंग आडे. वाजवण्याची रीत किसनसिंग आडेंची. मागची रेकॉर्ड देवीलाल राठोडची. पान मी लावलं, ठोका मी घातला, दोन्ही खोटं. तिथे गांजा नव्हता.

ते त्याने त्याच दिवशी चढवलं. आज ते दोनशे अकरा लोकांनी पाहिलेलं आहे. पानवालं अजून फिरतं आहे आणि त्याचे आकडे विचारू नयेत. देवीलालचा राग यावर आहे, आणि तो जायचा नाही, जाऊही नये. खोटं चढवायला एका पोराला एक संध्याकाळ पुरली. खरं सांगायला होळी उजाडली, आणि ते ऐकायला थांबलं कोण?

म्हणून त्याने आपली पद्धत काढली. गेल्या आठवड्यात एका कारखान्याच्या मशीनसाठी तो यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेला होता. तिथे चहाच्या टपरीवर तेच वाजत होतं, बिजलीबाईच्या प्रत्येक श्वासावर ढब्ब. पूर्वी तो उठून गेला असता. आता त्याने अर्धा चहा खाली ठेवला आणि टपरीवाल्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"हे कोण गाते माहीत आहे का?"

"नाही जी. डीजे आहे कोणता तरी."

"बिजलीबाई किसनसिंग आडे. आर्णीजवळचा तांडा." त्याने खिशातून वही काढली, कागद फाडला, नाव लिहून त्याच्यापुढे ठेवलं. "आन् हा पहिला ठोका तिचा नाही. कोणी घुसवलेला हाये. खरं असं हाये."

आणि टपरीच्या पत्र्यावर त्याने बोटांनी वाजवायला सुरुवात केली. टपरीवाला आधी हसला, मग गोंधळला. काही वेळाने त्याने हात पुढे करून फोन बंद केला, आणि चहाचं भांडं तसंच हातात धरून पत्र्याकडे कान लावून उभा राहिला.

"एक सुटून राह्यला ना, भाऊ?" तो म्हणाला.

"सुटत नाही," देवीलाल म्हणाला. "सोडलेला हाये. आईक."